चिखलपान

गेल्या नोव्हेंबरातला एक रविवार. लेकीच्या वर्गातल्या चार मुली, त्यांच्या आया आणि आम्ही दोघी असा लवाजमा ठाण्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला गेला होता. घोडबंदर रस्त्यावरचे ट्रक आणि धुरळा मागे टाकून आत शिरलं की हवाच बदलते. ओली माती, घाणेरीचा उग्र वास, मध्येच पिकून सडलेल्या फळांचा आंबूस दर्प. मुली आधी कलकलाट करत होत्या, मग आपोआप कुजबुजायला लागल्या. हात न हलवता उभं राहिलं आणि हाताला घाम असला तर फुलपाखरू येऊन बसतं, असं माझ्या सात वर्षांच्या लेकीला कुणीतरी सांगितलं होतं. ती हात पुढे करून पुतळ्यासारखी उभी. आणि खरंच एक आलं. तपकिरी, कडेला पांढरे ठिपके. तिच्या मनगटावर बसलं, सोंड उलगडली. तिने श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं, नुसत्या डोळ्यांनी हसली. तेवढ्यात माझा हात गेला. ओढणीचं टोक मुठीत धरून मी ते फाडकन झटकलं आणि तोंडातून निघालं, "हाड्!"

कुत्र्याला म्हणतात, तसं.

बाकीच्या आया हसल्या. लेक हसली नाही. "चावलं असतं," असं काहीतरी मी पुटपुटले, तर एक मैत्रीण तिला म्हणाली, "फुलपाखरांना दात नसतात." परतीच्या रिक्षात लेक खिडकीकडे तोंड करून बसली आणि मी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तो झटका माझा नव्हता. ओढणीच्या जागी सुती पातळाचा पदर असता, तर तो हुबेहूब माझ्या आजीचा होता. अंगठा आत, चार बोटं बाहेर, मनगटाला एक हिसका, आणि ते "हाड्". आजीला जाऊन काही वर्षं झाली. तिची भाकरी मला जमत नाही, तिचा आवाज माझ्या गळ्यात नाही, तिच्यासारखी सहनशक्ती तर नाहीच नाही. आणि नेमकं हेच माझ्याकडे आलं.

रत्नागिरीच्या घरामागे आमचं परसू होतं. विहीर, तिच्या कडेला तगर, अबोली, एक लिंबाचं झाड आणि माणसाहून उंच वाढलेला कढीपत्ता. भाद्रपदात उन्हाची तिरीप आली की तिथे फुलपाखरांची जत्रा भरायची आणि आजी पदर सावरत बाहेर यायची. "हाड्, हाड्, चल!" विंचू चिमट्यात धरून भिंतीपलीकडे टाकणारी ही बाई. धामण घरात शिरली तर "जाईल गो ती, तिला उंदीर हवाय," म्हणून चुलीपुढून न उठणारी. पण फुलपाखरू दिसलं की बिथरायची. कढीपत्त्यावरच्या हिरव्या अळ्या एकेक वेचून पायाखाली चिरडायची, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की आम्ही मुलं गप्प व्हायचो. नंतर मात्र त्याची घरात थट्टाच झाली. माझे काका पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या आईला वाघ दाखवा, चालेल. फुलपाखरू नको."

वाघाची गोष्ट मीच घुसडली होती. ती पुढे सांगते.

आजीचा जन्म मंडालेचा, १९३० सालचा. तिचे वडील तिथे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. रत्नागिरीचा एक तरुण पोटासाठी ब्रह्मदेशात गेला, मागाहून बायकोला घेऊन गेला, तिकडेच तीन मुलं झाली. आजी थोरली, मग एक भाऊ, मग कडेवरची बहीण. किल्ल्याभोवतीचा खंदक, त्यातली कमळं, लाल विटांचा तट हे ती अशा तऱ्हेने सांगायची, जसं आम्ही मांडवी बंदर सांगतो. वडील तिला त्या तटापाशी नेत आणि म्हणत, "आत टिळक होते हो. आपल्या रत्नागिरीचे." टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. त्याच्या कितीतरी आधी, १८८६ मध्ये, इंग्रजांनी मंडालेचा थिबा राजा रत्नागिरीत आणून ठेवला, तो १९१६ मध्ये इथेच मेला. म्हणजे आमच्या गावातलं माणूस त्यांनी त्या गावात डांबलं आणि त्या गावातलं आमच्या गावात. इंग्रजांची ही अदलाबदल आजीला फार मजेशीर वाटायची. "टिळक परत आले," म्हणायची. "राजा नाही गेला. पण राजाला निदान थडगं तरी मिळालं." हे शेवटचं वाक्य मी शंभरदा ऐकलं असेन. ते राजाबद्दलच आहे, असं मला वाटायचं.

तिचे वडील आयुष्यभर म्हणत राहिले, "बेचाळीसला आम्ही परत आलो." आजी कधी 'परत' म्हणाली नाही. "ते परत आले. मी कुठे परत आले? मी आले." बारा वर्षांची पोर, जिने समुद्र पाहिला नव्हता, ती समुद्राच्या गावात 'आपल्या घरी' आली तेव्हा तिला त्या घरात काहीही ओळखीचं नव्हतं. चुलत्याच्या माजघरात एका खाटेवर तिघी-चौघी झोपायच्या. तिची मराठी घरातली होती, आईकडून आलेली, मध्ये हिंदुस्थानी आणि बर्मी शब्द पेरलेले. शाळेत पोरी तिला 'बर्मीण' म्हणायच्या. विहिरीच्या पायऱ्या ती मनातल्या मनात बर्मीत मोजायची, "तित्, न्हित्, थों," आणि म्हातारपणी कळशी उचलणं बंद झालं, तरी आमच्याबरोबर जिना चढताना ओठ हलायचे. मे महिन्यात आम्ही उन्हातून आलो की सहाणेवर चंदन उगाळून आमच्या दोन्ही गालांवर गोल गोल फासायची. तिकडे झाडाची साल उगाळून गालांना लावतात त्या थनाकाची सर नाही म्हणायची, पण फासायची. तसे पिवळट गाल घेऊन आम्ही गल्लीत खेळायचो आणि शेजारच्या बायका विचारायच्या, "कुणाची हळद आहे गो?"

एकदा एका कचेरीत तिचा कुठलासा कागद करायचा होता. जन्मस्थळ? "मंडाले." समोरच्याने मान वर न करता लिहिलं, 'मंडणगड'. जिल्ह्यातलाच तालुका, त्याला तेवढंच सुचलं. बाबा दुरुस्त करायला पुढे झाले तर आजीने त्यांचा शर्ट ओढला. "असू दे रे. जवळ तरी आहे." मग तोच कागद बघून दुसरा झाला, दुसरा बघून तिसरा. माझी आजी कागदोपत्री मंडणगडची म्हणूनच गेली.

तर तो वाघ. नववीत असताना, १९९२ साली, आमच्या शाळेत निबंधाची स्पर्धा होती. विषय काहीही घ्या. माझ्याकडे सबंध वर्गात कुणाकडे नव्हती अशी आजी होती, युद्धातून जंगल तुडवत आलेली. मी तिच्यामागे वही घेऊन बसले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय सांगू? चाललो." किती दिवस? "दीड महिना असेल. पाऊस होता." जनावरं होती? "असतील." मला राग आला. एवढी मोठी गोष्ट हिच्याजवळ, आणि ही खडे वेचतेय. मग मी माझ्या पद्धतीने लिहिलं. घनदाट अरण्य, काजव्यांचा उजेड, डोळे रोखून बसलेला पट्टेरी वाघ, आणि पणजोबांनी पेटती काठी उगारली. पहिलं बक्षीस मिळालं. घरी सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. आजी म्हणाली, "छान लिहिलंयस. वाघ नव्हता गो पण."

"मग काय होतं?"

"चिखल."

तेव्हा हे ऐकून आम्ही सगळे हसलो होतो.

त्या चिखलाचा पत्ता मी पुढे कितीतरी वर्षांनी शोधला. आजीला तारखा ठाऊक नव्हत्या, तारखा मी पुस्तकांतून लावल्या. रंगूनवर पहिले बाँब पडले २३ डिसेंबर १९४१ ला. लोक रस्त्यावर उभे राहून माना वर करून विमानं बघत होते, म्हणून तर इतके मेले. रंगून दूर होतं, पण मंडाले लाकडी घरांचं गाव. ३ एप्रिलला तिथे बाँब पडले आणि गाव जळतच राहिलं. आजीला आग आठवत होती ती आवाजाने. बांबूची पेरं फुटतात तो आवाज. म्हणून होळीला ती कधी बाहेर आली नाही, हे आम्हाला माहीत होतं. रेल्वेतल्या ओळखीने पणजोबांनी सगळ्यांना उत्तरेला मितकिनापर्यंत नेलं. तिथून हिंदुस्थानात विमानं जात होती. बायकामुलं आधी, असं म्हणत, पण कुणाच्या बायका आणि कुणाची मुलं हे कातडीवर ठरत होतं. ६ मेला तोही विमानतळ बाँबखाली आला. मग उरलं चालणं. हुकाँगच्या खोऱ्यातून, शिंबवियांगवरून, पांगसाउची खिंड ओलांडून आसामात लेडोला. पावसाळा तोंडावर असताना. ती वाट धरणाऱ्यांपैकी बरेच जण नाइलाजाने तिकडे वळले होते. बाकीच्या वाटा जपान्यांनी बंद केल्या होत्या. त्या वर्षी चारही दिशांनी मिळून सुमारे पाच लाख हिंदी माणसं ब्रह्मदेशातून निघाली. त्यांतली वाटेत किती गेली, याचा आकडा पुस्तकागणिक बदलतो. मोजायला कोण बसलं होतं?

आजीने मला जे सांगितलं ते असं सलग कधीच नाही. रेशनच्या रांगेत एक तुकडा, लोडशेडिंगमध्ये एक. विमानातून तांदळाची पोती टाकायचे, ती चिखलात फुटायची, मग तिचा भाऊ आणि ती बोटांनी तो तांदूळ चिखलातून उकरायची. (तांदूळ निवडताना ती इतकी का रमायची, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. एवढे स्वच्छ तांदूळ आणि नुसते खडे काढायचे!) जळवा. पायांवर फोड, त्यांची होणारी भोकं. नदीला पूर आला की आठ-आठ दिवस काठावर बसून राहायचं आणि रोज सकाळी काठावरची माणसं थोडी कमी व्हायची. चहामळ्यांच्या लोकांनी पुढे छावण्या घातल्या होत्या, तिथे करवंटीतून मिळालेला काळा गोड चहा. त्यानंतरचा प्रत्येक चहा तिला फिका लागला. आमच्या घरी आजीच्या कपात चार चमचे साखर असायची, डॉक्टरांनी बंद करेपर्यंत.

फुलपाखरांचं तिने एकदाच सांगितलं. मी कॉलेजात होते. गणपतीसाठी घरी गेले होते, आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो, आणि लिंबावर पांढरी-पिवळी भिरभिरत होती. तिने पदर उचलला नाही. दमली असेल. म्हणाली, "लांबून वाटलं, कुणीतरी लुगडं वाळत घातलंय. पिवळं, निळं, मध्ये नक्षी. मला वाटलं, एवढ्या चिखलात एवढं सुंदर लुगडं कुणी टाकलं? मी पळत गेले. जवळ गेले तर लुगडं उडालं." तिने दोन्ही हात वर केले, बोटं फाकवली. "सगळंच्या सगळं उडालं."

"आणि खाली?"

"बाई होती."

मग ती उठून आत गेली आणि वाटाण्याची उसळ ढवळायला लागली. मी तिथेच बसून राहिले. खरं सांगायचं तर मला त्या वाक्याचं सौंदर्य जाणवलं. आधी तेच जाणवलं. उडणारं लुगडं! हे कुठेतरी लिहायला हवं, असं माझ्या मनात आलं. वहीत टिपूनही ठेवलं. त्या वहीची मला अजून लाज वाटते.

पणजीचं वेगळं कळलं, दहाएक वर्षांनी, आणि तेही आजीकडून नाही, तिच्या भावाकडून. आमचे मामाआजोबा. दर पितृपक्षात अविधवा नवमीला ते आईचं श्राद्ध घालायचे आणि आजी माहेरी जेवायला जायची. सवाष्ण गेलेल्या बाईची नवमी ठरलेली, त्यामुळे तिथी कुणाला विचारावी लागत नाही. बरंच झालं, कारण ती कुणाला माहीतच नव्हती. पणजी वाटेत गेली एवढं आम्ही ऐकून होतो. त्या वर्षी आजीला बरं नव्हतं म्हणून मी तिच्या जागी गेले आणि जेवणं झाल्यावर मामाआजोबा सुपारी कातरता कातरता बोलले. आईला हगवण लागली होती. खिंडीच्या अलीकडे ती एका झाडाला टेकून बसली आणि म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी दमाने येते. कुणी काही बोललं नाही. धाकटीला ताईने, म्हणजे माझ्या आजीने, तिच्या मांडीवरून उचललं. "आई मेली नव्हती," मामाआजोबा म्हणाले. "हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. आई बसली होती. आमच्याकडे बघत होती." मग ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. कडेवरची धाकटी लेडोला पोचली आणि तिथे दुसऱ्या आठवड्यात गेली.

हे मी आजीला कधी विचारलं नाही. काय विचारणार होते? तेव्हा मी मुंबईत नोकरीला होते आणि गणपतीला चार दिवस जायचे. त्या चार दिवसांत तिचे पाय चेपायचे, तिला साखर कमी घातलेला चहा करून द्यायचे, आणि गप्पा मारायच्या त्या शेजाऱ्यांच्या.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले, थिबाच्या थडग्याला नमस्कार करायला. आदल्या दिवसापासून रस्ते धुतले, खड्डे बुजले. गावात या पाहुण्यांचं अप्रूप नव्हतं असं नाही, पण आम्ही रत्नागिरीकर तसे निवांत. थिबाची नात टू-टू आमच्यातच मराठी बोलत म्हातारी झाली होती. आजी मात्र सकाळपासून अस्वस्थ. ठेवणीतलं पातळ नेसली, केसांना तेल लावलं आणि टीव्हीपुढे बसली. तिला त्यांना बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. सत्तर वर्षांत तिने बर्मी माणसाचं बोलणं ऐकलं नव्हतं. बातमी लागली, तो माणूस ओठ हलवू लागला, आणि त्याच्यावरून निवेदिकेचा मराठी आवाज सुरू झाला. आजी टीव्हीच्या अगदी जवळ सरकली, पडद्याला कान लावला. बाबा हसून म्हणाले, "अगं, असं केलं म्हणून खालचा आवाज थोडाच येणार?" तिला यायचा असावा. बातमी संपेपर्यंत ती तशीच राहिली.

आता त्या वाडीतलं उरलेलं. माझ्या हाताने जे केलं ते करून झाल्यावर तिथल्या एका मुलाने, बहुधा माझी लाज झाकायला, सगळ्यांना ओढ्याच्या कडेला नेलं. तिथे ओल्या मातीवर वीस-पंचवीस फुलपाखरं पंख मिटून बसली होती, एका रांगेत, पाणी प्यायला बसलेल्या गुरांसारखी. तो सांगू लागला, याला चिखलपान म्हणतात. नुसत्या मधातून त्यांना क्षार मिळत नाहीत. ते मिळवायला ती ओल्या मातीवर येतात, शेणावर येतात, घामावर येतात. म्हणूनच ते तुझ्या हातावर आलं, तो लेकीला म्हणाला. "आणि मेलेल्या खेकड्यावर पण. कुठलंही मेलेलं जनावर असू दे. आम्ही कधी कधी मुद्दाम ठेवतो." मुली "ईऽऽ" करून किंचाळल्या. त्याला तेच हवं होतं.

मी तिथे उभी होते आणि माझ्या डोक्यात दोन गोष्टी, ज्या मला दोन वेगवेगळ्या माणसांनी दहा वर्षांच्या अंतराने सांगितल्या होत्या, त्या पहिल्यांदा एका वाटेवर आल्या. लुगडं आधी आणि आई नंतर. मामाआजोबांनी खिंडीची खूण सांगितली होती, आजीच्या लुगड्याच्या गोष्टीतही एकदा ओझरती नदी होती, आणि नकाशावर ती नदी खिंडीच्या बरीच अलीकडे आहे. म्हणजे धाकटीला उचलून पुढे चालताना त्या बारा वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं. मागे कोण येणार आहे, ते तिने पाहून ठेवलेलं होतं.

मी लेकीला काही सांगितलेलं नाही. सात वर्षांच्या मुलीला काय सांगावं? दहाव्या वर्षी सांगावं की पंधराव्या, तेही कळत नाही. आणि न सांगून तरी काय राहिलं? आजीने मला कुठे सांगितलं होतं? तरी तो झटका माझ्या मनगटात बसलाच ना. एकीकडे वाटतं, इथेच थांबावं, ही मुलगी फुलपाखरांना घाबरायची नाही. दुसरीकडे वाटतं, मग त्या झाडाखाली बसलेल्या बाईचं या जगात काय उरलं? एक नवमी, तीही मामाआजोबा गेल्यापासून कुणी घालत नाही, आणि एक "हाड्".

आमच्या ठाण्याच्या गॅलरीत कुंडीत कढीपत्ता आहे. रत्नागिरीच्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं रोप आणून लावलेलं. डिसेंबरात त्यावर अळ्या झाल्या. आधी पाखराची शिट पडावी तशा दिसणाऱ्या, मग हिरव्यागार, टरारलेल्या. मी सवयीने वेचायला हात घातला तर लेक मध्ये आली. "त्याचं फुलपाखरू होणारंय. मी शाळेत वाचलंय." मी हात मागे घेतला. पंधरा दिवसांत त्यांनी झाडाच्या नुसत्या काड्या ठेवल्या. कढीपत्ता सध्या मी भाजीवाल्या मावशींकडून आणते. एका अळीने कुंडीच्या कडेला, काडीला कोष केला, आणि लेक रोज शाळेतून आल्यावर दप्तर पाठीवर तसंच ठेवून आधी तिथे जाते.

परवा सकाळी पोळ्या लाटत होते. गॅलरीतून हाक आली, "आई! आई, लवकर ये, बाहेर येतंय!" तव्यावरची पोळी काढली, गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले. दारात पोचेपर्यंत त्याचं अंग अर्धं बाहेर आलं होतं आणि चुरगळलेले ओले पंख खाली लोंबत होते. लेकीने मागे न बघताच मला तिच्या शेजारी जागा करून दिली. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.